धुळीचें भांडवल

नोकरी लागली म्हणजे पेढे वांटण्याची चाल आपल्या घरांतून आहे. नोकरी सुटली म्हणजे काय करावें, याविषयीं मात्र आपल्या रूढींनीं कांहींच सांगून ठेविलेलें नाहीं. घरांत मृत्यु झाला तर शेजारी पिठलें-भात घेऊन येतात. मुलगा परीक्षेंत नापास झाला तर मामा समजूत घालावयास येतो. पण कर्त्या मुलाची नोकरी गेली, कीं घराचीं दारें आंतून लागतात, आणि कोणाचा फोन आला तर ‘सध्या घरूनच काम करतो’ हें उत्तर घरांतल्या सर्वांच्या जिभेवर बसून जातें. गेल्या तीन-चार वर्षांत हें उत्तर आम्हीं इतक्या घरीं ऐकलें आहे, कीं तें कानीं पडतांच आम्ही पुढील प्रश्न विचारीत नाहीं.

आज सांगावयाची हकीकत अशाच एका घरची आहे. त्या गृहस्थाची संमति घेऊनच ती आम्ही लिहीत आहों. परंतु त्याचें नांव देत नाहीं. येथें त्याला ‘चिरंजीव’ म्हणूं. त्याचें वय आज बेचाळीस आहे, कानशिलांवरचे केंस पिकूं लागले आहेत. परंतु तो आमचा विद्यार्थी, आणि शब्द चालवितांना द्वितीयेच्या बहुवचनावर अडखळणारा मुलगाच अद्याप आमच्या डोळ्यांपुढें आहे.

चिरंजीव हिंजवडीच्या एका संगणक-कंपनींत चौदा वर्षें नोकरीस होता. पगार चांगला, कोथरुडास स्वतःचें घर, घराचें कर्ज निम्में फिटलेलें, सूनबाई बँकेंत, मुलगी पांचवींत. २०२३ सालीं जगभरच्या मोठमोठ्या संगणक-कंपन्यांनीं हजारों माणसें कमी केलीं. त्या लाटेंत हाही सांपडला. फेब्रुवारींतल्या एका सकाळीं संगणकाच्या पडद्यावरच पंधरा मिनिटांची सभा झाली. सभा संपली आणि त्याचा परवलीचा शब्द चालेनासा झाला. चौदा वर्षें ज्या दारानें तो आंत जात होता, त्या दाराशीं निरोप घ्यावयास देखील त्याला जावें लागलें नाहीं.

तिसऱ्या महिन्यांत तो आमचा सल्ला विचारावयास आला. त्याच्या मनांत एक धंदा होता: लोकांच्या घरचे व कचेऱ्यांतले गालिचे आणि सोफे स्वच्छ करून देण्याचा. कंपनींत रात्रीं उशिरापर्यंत बसावें लागे, तेव्हां जमिनीवरचे गालिचे यंत्रानें धुणारीं माणसें येत. त्यांच्याशीं बोलून, त्यांचें काम पाहून त्यानें बरीच माहिती मिळविली होती. एक वहीही त्यानें बरोबर आणली होती. तींत यंत्रांच्या किंमती, साबणांचे प्रकार, कामाचे दर, सर्व टिपून ठेविलेलें होतें. आम्हीं ती वही उघडलीसुद्धां नाहीं. आम्ही त्याला जें म्हणालों, तें आज कागदावर उतरवितांना लाज वाटते. आम्ही म्हणालों, “अरे, एवढें शिकलास तें काय लोकांचे गालिचे घासण्यासाठीं? धीर धर. नोकरी मिळेल.”

त्यानें धीर धरला. आणखी पांच महिने तो अर्ज करीत राहिला. दोनशेंच्या वर अर्ज झाले. तीन ठिकाणीं भेटीस बोलावणें आलें. तिन्ही ठिकाणीं त्याच्याहून दहा-बारा वर्षांनीं लहान असलेल्या मुलांनीं त्याची परीक्षा घेतली आणि ‘कळवूं’ म्हणून सांगितलें. तोंवर गांठचा पैसा घराच्या हप्त्यांत जात होता. गुरूचा शब्द मानणारे विद्यार्थी हल्लीं उरले नाहींत, असें आम्ही मास्तर मंडळी एकमेकांस नेहमीं सांगत असतों. जो एक मानणारा निघाला, त्याचे पांच महिने आम्हीं असे खर्ची घातले.

२०२३ च्या दसऱ्यास त्यानें आम्हांस न विचारतां यंत्राची पूजा केली. संध्याकाळीं आपट्याचीं पानें घेऊन पायां पडावयास आला तेव्हां म्हणाला, “गुरुजी, धंदा सुरू केला. आशीर्वाद द्या.” तो आम्हीं दिला, पण तोंडानें दिला, हें त्यालाही कळलें असावें.

गालिचा धुणें म्हणजे काय, हें आम्हांस त्यानंतर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, प्रथम कळलें. आमची समजूत अशी होती, कीं मळलेली वस्तु पाण्यांत भिजवावी, साबण लावावा, घासावी आणि उन्हांत टाकावी. सतरंजीला हें चालतें, कारण ती सुताची आणि सपाट विणीची. गालिच्याची गोष्ट निराळी. त्याला खालीं ताण्याबाण्याची पाठ असते आणि वर गांठी मारून उभी केलेली लव असते. पायांबरोबर येणारी वाळू या लवेंत शिरते आणि तळाशीं जाऊन बसते. वाळूच्या कणांस धार असते. वरून पाऊल पडलें, कीं ते कण लोकरीचे तंतु मुळाशीं कापतात. गालिचा जुना झाला म्हणून झिजला असें आपण म्हणतों. पुष्कळदां तो वयानें झिजलेला नसतो, वाळूनें कापलेला असतो.

म्हणून पहिलें काम सगळें कोरडें. गालिचा पालथा घालून पाठीवर थोपटावयाचा, पडलेली वाळू झाडावयाची, मग सरळ करून यंत्रानें धूळ ओढून घ्यावयाची, आणि हें पुन्हां पुन्हां करावयाचें. असें न करतां आधींच पाणी ओतलें, तर धुळीचा चिखल होऊन तो मुळाशीं घट्ट बसतो. यानंतर दुसरें यंत्र येतें. तें एका बाजूनें कोमट साबणपाणी फवारतें आणि लागलीच दुसऱ्या बाजूनें तेंच पाणी मळासकट परत ओढून घेतें. बादलींत जमलेलें तें काळें पाणी चिरंजीव घरमालकिणीस मुद्दाम दाखवितो. “गुरुजी, दररोज केर काढणाऱ्या बाई तें पाणी पाहून आधीं माझ्यावरच रागावतात,” असें तो हंसून सांगतो.

साबणाचीही परीक्षा असते. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून झालेले तंतु; आपल्या केंसांचेच ते भाऊबंद. कपडे धुण्याची पूड क्षारयुक्त असते. ती सुताला सोसते, लोकरीला सोसत नाहीं. मोरी पांढरी करण्यासाठीं आपण जें क्लोरीनचें पाणी ओततों, त्यांत लोकर चक्क विरघळते. बरें, गालिचा कशाचा आहे हें विकणारा सांगेल तें खरें धरून चालत नाहीं. रेशमी म्हणून घेतलेला गालिचा कित्येकदां झाडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम रेशमाचा निघतो, आणि असला तंतु भिजला कीं दुबळा होतो. म्हणून चिरंजीव मालकाच्या देखत पाठीचा एक धागा काढून जाळतो. केंस जळल्याची घाण सुटली आणि राख बोटांनीं चुरली गेली, तर लोकर किंवा रेशीम. कागद जळल्याचा वास आला, तर कृत्रिम रेशीम किंवा सूत. वितळून टणक मणी झाला, तर तो प्लॅस्टिकच्या जातीचा धागा. एवढें शास्त्र एका काडेपेटींत मावतें; पण तें ठाऊक नसलें, तर हजारोंचा माल एका दुपारीं नासतो.

आपल्या स्वयंपाकघराशीं संबंध असलेली एक गोष्ट भगिनीवर्गासाठीं येथेंच सांगून ठेवतों. हळदीचा डाग पडला म्हणजे घाईघाईनें त्यावर साबण चोळण्याची आपली संवय आहे. साबण लागतांच डाग लाल होतो आणि घरांत आरडाओरडा होतो. यांत आश्चर्य कांहीं नाहीं. हळदीला क्षार लागला कीं ती लाल होते. हळदीचें कुंकू पूर्वापार याच गुणावर तयार होत आलें आहे. या डागावर उतारा सूर्याचा आहे. हळदीचा रंग उन्हांत टिकत नाहीं. कापड साध्या पाण्यानें धुऊन उन्हांत ठेवावें, पिवळेपणा आपोआप उतरत जातो.

हें ऐकतां ऐकतां आम्हांस आमच्याच विद्येंतली एक गोष्ट उमगली. अमरकोशांत धोब्यासाठीं निर्णेजक आणि रजक हे दोन शब्द शेजारीं शेजारीं येतात. निर्णेजक म्हणजे धुऊन स्वच्छ करणारा, हें उघड आहे. रजक शब्द मात्र रंज् धातूपासून झालेला, आणि रंज् म्हणजे रंगविणें. जो धुतो त्याला रंगविणाऱ्याचें नांव कां? पस्तीस वर्षें हे शब्द आम्हीं मुलांकडून पाठ करून घेतले, पण हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नाहीं. चिरंजीवाला विचारतांच तो म्हणाला, “गुरुजी, रंग कळल्याशिवाय धुणार कसा? निम्में काम मळ काढण्याचें, आणि निम्में रंग राखण्याचें.” व्युत्पत्ति म्हणून हें कितपत टिकेल तें पंडितांनीं पाहावें. आम्हांस तें पटलें.

हें ज्ञान त्याला फुकट मिळालें नव्हतें. २०२४ च्या आषाढांत एका वृद्ध बाईंनीं त्याला बोलाविलें. त्यांच्या यजमानांनीं श्रीनगरहून आणलेला हातविणीचा गालिचा होता. यजमान जाऊन चार वर्षें झालीं होतीं. गालिच्यावर ओलें पांढरें फडकें दाबून रंग सुटतो कीं काय हें पाहावयाचें असतें. चिरंजीवानें निळा रंग पाहिला, पिवळा पाहिला. कांठाचा तांबडा पाहावयाचा राहिला. हवा पावसाळी, गालिचा दोन दिवस ओला राहिला, आणि कांठाचा तांबडा रंग दुधी पार्श्वभूमीवर बोटभर पसरला. बाई दुसऱ्या खोलींत होत्या. त्यानें त्यांना हांक मारून स्वतःच तें दाखविलें आणि चूक आपली आहे असें सांगितलें. बाई पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “त्यांनीं घासाघीस करून आणला होता हो.” चिरंजीवानें पंधरा हजार रुपये भरपाई देऊं केली, ती तीन हप्त्यांत दिली, बाईंनीं ती घेतली आणि त्याला पुन्हां कधीं बोलाविलें नाहीं. दोघांचेंही वागणें आम्हांस योग्यच वाटतें.

त्या दिवसापासून त्याचे दोन नियम झाले. काम सुरू करण्यापूर्वीं तो एक कागद लिहून देतो; त्यांत कोणता डाग जाईल, कोणता फिका होईल आणि कोणता मुळींच जाणार नाहीं, हें आधींच नमूद करतो. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत हातविणीचा गालिचा तो धुवावयास घेत नाहीं, कोणी कितीही आग्रह केला तरी. धंद्याच्या पहिल्या वर्षीं येणारें काम परत पाठविणें किती कठीण असतें, हें ज्यानें हप्ता भरला आहे त्यालाच समजेल. पण ‘हें माझ्याच्यानें होणार नाहीं’ असें वेळेवर सांगतां येणें हीच या धंद्यांतली पहिली परीक्षा होय, असें तो आतां मानतो.

आतां पैशाची गोष्ट. धंदा म्हटला कीं आपल्या लोकांस एकतर लक्ष्मीची स्वप्नें पडतात किंवा भिकेचीं. मधला हिशेब कोणी मांडीत नाहीं. चिरंजीवानें आपली वही आम्हांस पुन्हां दाखविली, आणि या वेळीं आम्हीं ती उघडली. पाणी फवारून ओढणारें जुनें यंत्र ३८,००० रुपये. धूळ ओढणारें १२,०००. वाळविण्याचे दोन पंखे ९,०००. कुंचले, साबण, फडकीं वगैरे ६,०००. मिळून ६५,००० रुपये. सामान नेण्यास घरची जुनी मोटार होतीच. पहिल्या सहा महिन्यांत मदतनीसाचा पगार व पेट्रोल वजा जातां महिन्याकांठीं सरासरी ११,००० रुपये हातीं राहिले. आज चाळीस हजारांच्या आसपास राहतात. पूर्वींच्या पगाराच्या निम्म्याहूनही हे कमी आहेत. मुलीची एक शिकवणी बंद झाली, उन्हाळ्याची सहल गेली. हें सांगावयाचें कारण, कीं अशा हकीकती लिहितांना शेवटीं मोटारी आणि बंगले आणण्याची लेखकांना संवय असते.

गालिच्यांचा धंदा म्हणून नांव असलें तरी दहा कामांतलीं सात कामें सोफ्यांचीं, दोन गाद्यांचीं, आणि एखादेंच गालिच्याचें असतें. त्याचें कारण आपल्या जमिनी. इंग्लंड-अमेरिकेंत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा ठोकलेल्या खोल्या असतात. आपण फरशी रोज ओल्या फडक्यानें पुसणारे लोक. आपल्याकडे गालिचा येतो तो बहुधा काश्मीरच्या सहलींतून, आणि सोफ्यापुढें पसरला जातो. कामाचा हंगाम गणपतीपासून दिवाळीपर्यंत. पावसाळा बहुतेक कोरडा जातो, निदान पैशाच्या दृष्टीनें. हें सर्व आधीं समजून न घेतां केवळ नांवावर भुलून यंत्र विकत घेणारा मनुष्य पहिल्याच वर्षीं तें यंत्र विकावयास काढील.

सरकारी साह्याविषयीं चार शब्द. २००८ पासून पंतप्रधान रोजगार निर्मिति कार्यक्रम चालू आहे; त्यांत सेवेच्या धंद्यास वीस लाखांपर्यंतच्या खर्चावर कर्ज मिळूं शकतें. शहरांतील सर्वसाधारण वर्गाच्या अर्जदारास दहा टक्के पदरचे घालावे लागतात आणि पंधरा टक्के अनुदान असतें. परंतु हें साह्य नव्या धंद्यासच आहे. चिरंजीवानें यंत्र आधीं घेतलें, चौकशी मागाहून केली. त्यामुळें तो त्यास मुकला. २०१५ च्या मुद्रा योजनेंत ‘शिशु’ नांवाचें पन्नास हजारांपर्यंतचें कर्ज तारणावांचून मिळतें. तें त्यानें घेतलें. २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी घरबसल्या, आधार क्रमांकावर, विनामूल्य होते. ‘करून देतों’ म्हणणाऱ्या मध्यस्थास पैसे देण्याचें कारण नाहीं. सेवेच्या धंद्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आंत असेपर्यंत सामान्यतः जी. एस. टी.ची नोंदणी करावी लागत नाहीं.

पैशाचा प्रश्न असा हळूहळू मार्गीं लागला. परंतु घरांतला प्रश्न सुटला नव्हता. चिरंजीवाच्या मातोश्री नातेवाइकांस ‘तो सल्लागाराचें काम करतो’ असें सांगत. एके दिवशीं त्या आमच्याकडे आल्या आणि पदर डोळ्यांस लावून म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही तरी समजवा त्याला. याचे आजोबा दशग्रंथी. आणि हा लोकांच्या पायधुळीवर पोट भरतो!” आमच्या घरीं पायधूळ झाडा, असें पाहुण्यास हात जोडून विनविणारा आपला समाज, तीच धूळ कोणी काढावयास बसला, तर त्याच्या आईनें रडावें, ही मौज त्या वेळीं आमच्या ध्यानांत आली नाहीं.

आम्हीं त्यांना अमेरिकेंतली एक गोष्ट सांगितली. ओहायो संस्थानांत कँटन गांवीं जेम्स मरे स्पँगलर नांवाचा मनुष्य होता. त्यानें पूर्वीं कांहीं यंत्रें शोधून काढलीं होतीं, पण त्यांनीं पोट भरलें नाहीं. उतारवयांत तो एका मोठ्या दुकानांत झाडलोट करूं लागला. त्याला दम्याची व्यथा, आणि गालिचे झाडतांना उडणाऱ्या धुळीनें ती बळावे. तेव्हां विजेची लहानशी मोटर, केरसुणीचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामानावर त्यानें धूळ ओढणारें यंत्र बनविलें. १९०८ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. जवळच हूव्हर नांवाचे चामड्याच्या मालाचे कारखानदार राहत. घोड्यांचा साज हा त्यांचा माल, आणि मोटारी आल्यामुळें घोडेच रस्त्यांवरून जाऊं लागले होते. त्यांच्या पत्नीनें तें यंत्र वापरून पाहिलें, हूव्हर यांनीं पेटंट विकत घेतलें, आणि पुढें इंग्लंडांत घरांतली धूळ काढण्याच्या क्रियेसच त्यांचें नांव पडलें. एकाची विद्या आणि दुसऱ्याचा धंदा बुडत असतां दोघांनाही धुळीनें हात दिला.

मातोश्रींनीं शांतपणें सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “गुरुजी, तें अमेरिकेंत हो. तिथें कोण कोणाचा सोफा पुसतो, हें आमच्या वन्संना कळत नाहीं.”

त्यांचें म्हणणें खरें होतें, हें आम्हांस २०२४ च्या दिवाळींत समजलें. चिरंजीवाला एका घरून बोलावणें आलें. घर दूरच्या नात्यांतलें. घरच्या वृद्ध बाईंनीं कोणाकडून तरी फोनचा क्रमांक मिळविला होता, नांव विचारलें नव्हतें. धुळीसाठीं तोंडावर फडकें बांधलेलें, डोक्याला टोपी. बाईंनीं त्याला ओळखलें नाहीं. दोन तास काम चाललें. मग चहा आला. चिरंजीवाला आणि त्याच्या मदतनीसाला, दोघांना, कान तुटलेल्या दोन कपांतून आला. ते कप बाई गॅलरींतल्या कठड्यावरून उचलून आणतांना त्यानें पाहिलें होतें. याच घरीं भाऊबीजेच्या फराळाला त्यानें लहानपणीं फुलाफुलांच्या कपांतून दूध घेतलेलें होतें. चहा पिण्यासाठीं त्यानें तोंडावरचें फडकें काढलें. बाई एकदम ओरडल्या, “अरे, तूं! आधीं सांगावयाचें नाहीं का?” त्या लगबगीनें आंत गेल्या आणि बशीसकट चांगला कप घेऊन आल्या. एकच कप घेऊन आल्या.

परततांना मोटारींत चिरंजीव गप्प होता. त्याचा मदतनीस बावीस वर्षांचा, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तींत राहणारा मुलगा. थोड्या वेळानें तो म्हणाला, “दादा, तुम्हांला आज एकच दिवस वाईट वाटलं.” एवढेंच म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहूं लागला.

ही हकीकत चिरंजीवानें आम्हांस सांगितली त्या संध्याकाळीं आम्ही घरीं येऊन स्वयंपाकघरांत उभे राहिलों. मांडणीच्या सर्वांत खालच्या फळीवर स्टेनलेसचे दोन पेले निराळे पालथे घातलेले होते. आम्हीं पत्नीला विचारलें, “हे कोणाचे?” ती म्हणाली, “कामाला येणाऱ्या बाईचे. सासूबाईंपासून आहेत.” चाळीस वर्षें आम्ही त्या मांडणीपुढून जात-येत होतों. श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर आम्हीं किती निबंध तपासले असतील त्याची गणती नाहीं. चांगल्या निबंधास दहांपैकीं आठ गुण देत असूं. निर्णेजक आणि रजक हे शब्दही अमरकोशाच्या शूद्रवर्गांत आहेत, आणि आम्हीं ते पाठ केले ते वर्गासकट पाठ केले.

चिरंजीवाला आम्हीं धीर धरावयास सांगितलें तें कोणत्या ज्ञानावरून, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. गालिच्यांचा धंदा चालेल कीं नाहीं, याची आम्हांस काडीची माहिती नव्हती. तो कोणत्या पेल्यानें चहा पिईल, एवढेंच ठाऊक होतें. आणि तें इतकें खोल ठाऊक होतें, कीं बोलून दाखविण्याचीही गरज पडली नाहीं. त्याचे पांच महिने आमच्या घरच्या त्या खालच्या फळीवर गेले. आपल्या घरांतले किती कर्ते पुरुष आज दारें लावून बसले आहेत, आणि त्यांतले किती कामाच्या अभावीं व किती या पेल्याच्या भीतीनें बसले आहेत, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या मांडणीपुढें उभें राहून करावा.

ज्यांची नोकरी गेली आहे त्यांना आमचें एवढेंच सांगणें, कीं उत्तम, मध्यम, कनिष्ठ हा हिशेब बाजूला ठेवून आधीं वही काढावी, आणि आमच्यासारख्या सल्लागाराला ती दाखविण्यापूर्वीं तो धंदा करणाऱ्या माणसाला दाखवावी. मातोश्रींविषयीं वाचकांस उत्सुकता असेल. त्या अजून सर्वांना सर्व सांगत नाहींत, पण गेल्या संक्रांतीस वन्संचा सोफा मळलेला पाहून त्या म्हणाल्या, “आमच्या ह्याला बोलवा. आधीं लिहून देतो, फसवीत नाहीं.” चिरंजीव ती गोष्ट सांगतो तेव्हां त्याचा चेहरा शाळेंत पहिला नंबर आल्यासारखा दिसतो.

त्या दोन पेल्यांचें काय झालें, तेंही सांगतों. ते टाकून द्यावे असें आम्हीं सुचविलें. पत्नी म्हणाली, “टाकावयाचे कशाला? धड आहेत. तुम्हीच प्या त्यांतून.” तेव्हांपासून आमचा सकाळचा चहा त्यांतल्याच एका पेल्यांतून होतो. कामाच्या बाईंनीं पहिल्या दिवशीं तो आमच्या हातांतून घेऊन परत फळीवर ठेवण्याचा प्रयत्न केला. आतां त्यांनाही संवय झाली आहे. पुढच्या रविवारीं चिरंजीव आणि तो मुलगा आमच्या दिवाणाची गादी धुण्यास यावयाचे आहेत. त्यानें आधींच लिहून पाठविलें आहे, कीं शाईचा डाग जाणार नाहीं.